मणी ओवणारे हात : काल, आज आणि उद्या

दिवाळी झाल्यावर आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "या वर्षीच्या स्मरणिकेत मणीकामाविषयी तुम्हीच लिहा." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. एखादी पाककृती मागा, आनंदाने देईन. लेख कसला मागता?" पण त्या काही ऐकेनात. "मणीकामाचा वर्ग चालू ठेवायचा की बंद करून त्या जागी ब्युटी पार्लरचा वर्ग काढायचा, हे वार्षिक सभेत ठरायचे आहे. वर्ग तुम्ही चालवता, तेव्हा काय सांगायचे ते आधीच लिहून ठेवा. भगिनी वाचून येतील," असे बजावून, चहा घेऊन त्या निघून गेल्या.

तेव्हा भगिनींनो, हा लेख मी हौसेने लिहिलेला नाही, गरजेने लिहिला आहे. लिहायला बसले आणि विचार करू लागले, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मण्यांच्या धंद्याचे बरे-वाईट दिवस आपल्या या मुलखाला काही नवीन नाहीत. आपल्या आधी कितीतरी पिढ्यांनी हेच दुखणे सोसले आहे. म्हणून आधी जुनी हकिकत सांगते आणि मग आपल्या वर्गाकडे वळते.

माझे माहेर पैठणचे. लहानपणी पहिला मोठा पाऊस पडून गेला की आम्ही मुले गावाबाहेरच्या पांढरीच्या टेकाडांवर जात असू. पावसाने माती वाहून जाई आणि खाली मणी उघडे पडत. कोणी लाल, कोणी काळे-पांढरे पट्ट्यांचे, कोणी हिरव्या-निळ्या काचेचे, मोहरीएवढे बारीक. माझी आजी म्हणे, "शालिवाहनाच्या राण्यांचे आहेत गं, गळ्यात घालू नका, देवापाशी ठेवा." आम्ही ते काड्यापेटीत साठवीत असू. त्या काड्यापेटीचे पुढे काय झाले, ते आता आठवत नाही. आज कळते की अशी जुनी वस्तू सापडली तर ती संग्रहालयाकडे द्यावी. पण तेव्हा आम्हाला कोण सांगणार?

तीन वर्षांपूर्वी आपल्या मंडळाची सहल पैठणला गेली होती. नाथमहाराजांचे दर्शन झाले, ज्ञानेश्वर उद्यान पाहिले आणि मग आपण बाळासाहेब पाटील शासकीय संग्रहालयात गेलो. पुष्कळ भगिनी तेथून लवकर बाहेर पडल्या, कारण डबे उघडायचे होते. मी मात्र त्या मण्यांच्या पेटीपाशी उभी राहिले. माझ्या काड्यापेटीतले मणीच जणू काचेआड ठेवलेले होते! तेथपासून मला या विषयाचा नाद लागला. वाचनालयातून पुस्तके आणली. न कळलेले शब्द मुलाकडून समजून घेतले. जे नीट कळले, तेवढेच येथे लिहीत आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रप्रवासाचे एक माहितीपुस्तक लिहिले. त्याला 'पेरिप्लस' म्हणतात. कोणत्या बंदरात कोणता माल मिळतो, हे त्यात दिले आहे. त्यात आपल्या पैठणचे नाव आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून पट्ट्यांचे दगड फार मोठ्या प्रमाणावर गाड्यांतून भडोचला जात आणि तेथून गलबतांनी परदेशी, असे तो लिहितो. रस्ते नव्हते, घाट होते, तरी माल जात होता. पैठणचे नाव त्या काळी परदेशी गेले ते या दगडांमुळे, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

हे दगड आले कोठून? आपल्या पायाखालून. आपला सगळा मुलूख काळ्या खडकाचा. तो खडक तप्त रसाचा थंड होऊन बनला, तेव्हा त्यात पोकळ्या राहिल्या, आणि त्या पोकळ्यांत पुढे अकीक, गोमेद असे दगड तयार झाले. खडक झिजला की ते सुटून नदीच्या वाळूत येतात. गोदावरीच्या पात्रातील गोट्यांत असे दगड सापडतात. म्हणजे कच्चा माल दाराशी होता. पण दगड म्हणजे मणी नव्हे. दगडाचा मणी करायला फार मेहनत पडते.

ती मेहनत कशी, हे आज गुजरातेत खंबायतला पाहायला मिळते. तेथे हा धंदा शतकानुशतके चालत आला आहे. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून राखेच्या मंद आचेत भाजतात. भाजल्याने पिवळट, मातकट दगड लाल होतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने त्याचे कपचे उडवतात आणि त्याला आकार देतात. पुढे घासणे, मग वेज पाडणे. वेज पाडायला धनुकलीने फिरणारा गिरमिट, त्याच्या टोकाला हिऱ्याच्या दोन कण्या, आणि वरून थेंब थेंब पाणी. शेवटी कातडी पिशवीत घालून घोळून घोळून चकाकी आणणे. आता विजेची यंत्रे आली आहेत. आपल्याला माळ हातात घेताना त्यातले एक काम तरी डोळ्यांपुढे येते का?

या कामाची एक वाईट बाजूही सांगितली पाहिजे. दगड घासताना जी बारीक धूळ उडते, ती छातीत बसते आणि माणसाचा श्वास कोंडतो. खंबायतच्या कारागिरांत हा फुप्फुसांचा रोग फार. तेव्हा हातकाम म्हटले की ते सगळे चांगलेच, असे मी म्हणणार नाही. हातकामाची स्तुती करताना ते हात कोणाचे आणि त्या हातांचे काय होते, हेही पाहावे.

मण्यांची ही आवड पैठणच्याही पुष्कळ आधीची आहे. आपल्या कन्नडच्या डोंगरापलीकडे, चाळीसगावजवळ पाटणादेवी आहे. तेथे पाटणे गावाजवळच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचीचे मणी मिळाले. ते वीस हजार वर्षांहून जुने. तेव्हा शेती नव्हती, घर नव्हते, भांडे नव्हते, पण मणी होता! आपल्या नगर रस्त्यावरच्या नेवाशाला १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. हसमुख सांकलिया यांनी उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांहून जुनी एका लहान मुलाची पुरलेली हाडे निघाली. गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. आणि नवल म्हणजे त्या मण्यांत दोऱ्याचे अवशेष शिल्लक होते, रेशमाचे आणि कापसाचे. एरवी दोरा मातीत कुजून जातो. तांब्याच्या संगतीने तो टिकला. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले. कोणा आईने आपल्या लेकरासाठी ती माळ ओवली असेल आणि त्याला निरोप देताना गळ्यातून काढली नसेल. आपण जे करतो तेच तिने केले.

जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे जुने भोगवर्धन. तेथे १९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून उत्खनन केले. तेथेही मणी निघाले, शंखाच्या बांगड्या निघाल्या. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जुन्या वस्तू गोळा केल्या. त्यांच्या नावाने तेथे शासकीय संग्रहालय उभे आहे. मण्यांचा अभ्यास करणारे आपले मराठी विद्वान डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी भारतीय काचेचा इतिहास लिहिला. तो १९६९ साली मुंबई विद्यापीठाने छापला. लाल अकिकावर पांढरी नक्षी उठवलेल्या मण्यांवरही त्यांचे पुस्तक आहे. ती नक्षी काही रंगाची नाही. खार वनस्पतीच्या रसात कालवून त्याने दगडावर रेघा काढायच्या आणि मग दगड भाजायचा, म्हणजे रेघ कायमची पांढरी होते. दोन हजार वर्षे झाली तरी पुसली जात नाही. आपल्या नव्या माळांचा मुलामा दोन महिन्यांत उडतो, तो का, हे पुढे सांगते.

एवढा मोठा धंदा होता, तर तो गेला कोठे? इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात सातवाहनांचे राज्य संपले. रोमशी चाललेला व्यापार ओसरला. पैठणचे गिऱ्हाईक समुद्रापलीकडचे होते. ते येईनासे झाले, तेव्हा गाड्या भरून दगड न्यायचे कोणाला? कारागिराच्या हातातली कला काही गेली नव्हती. गेले ते गिऱ्हाईक. मात्र पैठण गाव मेले नाही. त्याने पुढे रेशीम आणि जर हाती धरली, आणि आज पैठणी म्हटले की सगळ्या देशात ओळख आहे. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मला यातून एवढेच समजले की दूरच्या एकाच गिऱ्हाइकावर भिस्त ठेवू नये, आणि एक काम सुटले तरी हात थांबवू नयेत.

दगडाचे मणी मागे पडले, पण गळ्यातली माळ गेली नाही. अजिंठ्याला पाचव्या शतकातली चित्रे पाहा. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीच्या गळ्यात मोत्यांचे सर आहेत. सतराव्या लेण्यात आरशात पाहून साजशृंगार करणारी राजस्त्री आहे, तिच्याही अंगावर मोती. आपल्या नथी, तन्मणी, चिंचपेटी यांतला मोती याच परंपरेतला. आपले शहर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि हैदराबाद तर मोत्यांसाठी प्रसिद्धच. इराणच्या आखातातून येणारा तो 'बसरा मोती'. पण १८९३ साली जपानात मिकिमोटो नावाच्या गृहस्थांनी शिंपल्यात मोती वाढवण्याची युक्ती साधली. पुढे असे वाढवलेले मोती बाजारात आले आणि १९३० च्या सुमारास समुद्रात बुड्या मारून मोती काढणाऱ्यांचा धंदा कोसळला. आज आपण मोती म्हणून घेतो त्यातला बहुतेक वाढवलेला, नाहीतर काचेचा, आणि बऱ्याचदा प्लॅस्टिकचा असतो.

काचेच्या मण्याचीही अशीच गोष्ट. आपल्या देशात काचमणी जुन्या काळापासून होतात. आंध्रातील पापानायडुपेटला काचेची लांब पोकळ नळी ओढून तिचे बारीक तुकडे पाडतात. उत्तर प्रदेशातील पुरदिलनगरला वितळलेली काच लोखंडी सळईवर गुंडाळून मणी करतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातून, विशेषतः बोहेमियातून, एकसारखे, चकचकीत आणि स्वस्त मणी गलबते भरून येऊ लागले. आता जपान, चीन येथून येतात. म्हणजे परदेशी मणी आला आणि देशी मण्याला अडचण झाली, हे गाऱ्हाणे आपल्या पणजीच्याही आधीचे आहे.

मग टिकून कोण राहिले? टिकला तो पटवेकरी. मणी कोठूनही येवोत, ते ओवून, गाठवून, गोंडा लावून दागिना करून द्यायला गावोगाव पटवेकरी होता. आपल्या शहरात सराफ्याच्या आसपास पूर्वी अशी पुष्कळ माणसे बसत. हल्ली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पटवेकरीण मावशी बसत. लग्न होऊन मी या शहरात आले तेव्हा माझी पोत वाढली. (आपण पोत तुटली असे म्हणत नाही, वाढली म्हणतो.) सासूबाई मला त्यांच्याकडे घेऊन गेल्या. मावशींनी रेशमाचे टोक पायाच्या अंगठ्याला अडकवले, पीळ दिला, मेण लावले, आणि बोलता बोलता काळे मणी, सोन्याचे मणी, वाट्या जेथल्या तेथे बसवून दिल्या. प्रत्येक वाटीच्या दोन्ही अंगांना गाठ. एक सर तुटला तरी बाकीचे मणी सांडू नयेत म्हणून ती गाठ. मी रोज दुपारी त्यांच्यापाशी जाऊन बसू लागले. त्या म्हणत, "मणी कुठूनही आण पोरी, गाठ मात्र इथेच मारावी लागते." माझे मणीकामाचे शिक्षण ते एवढेच.

त्या मावशींनीच मला १९६३ सालची गोष्ट सांगितली. त्या वर्षी सरकारचे सुवर्ण नियंत्रण आले. चौदा कॅरटपेक्षा अधिक सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. सराफकट्ट्यावर शुकशुकाट झाला, पुष्कळ सोनारांच्या घरी चूल पेटेना. पुढे १९६८ साली त्याचा कायदा झाला आणि तो १९९० साली रद्द झाला. मावशींच्या घरी मात्र त्या काळात काम वाढले होते. कारण नवे घडवता येईना, म्हणून बायका जुने सोने मोडून न टाकता तेच मणी पुन्हा गाठवून घेत. ही गोष्ट मी गाठीशी बांधून ठेवली आहे. आजही सोन्याचा भाव पाहा. २०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पुढे गेला. मध्यम घरातल्या बाईने नवे सोने घ्यायचे कोठून? तिच्यापुढे दोनच वाटा. एक म्हणजे 'एक ग्रॅम'चा मुलाम्याचा दागिना, आणि दुसरी म्हणजे आजी-सासूचे जुने मणी नव्या दोऱ्यात ओवून घेणे.

आता आपल्या वर्गाचे सांगते. वर्ग २०१७ साली सुरू झाला तेव्हा चौदा भगिनी येत. आज सहा येतात. पहिली दोन वर्षे बरी गेली. कर्णपुऱ्याच्या नवरात्रातल्या यात्रेत आपला गाळा होता, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाणाची मागणी येई. मग २०२० साली करोनाची टाळेबंदी आली. यात्रा बंद, लग्ने बंद, माल घरात पडून. त्यानंतर बाजार उघडला तो अगदी वेगळा. गेल्या वर्षी एका दुकानदारांनी आपले बावीस संच परत पाठवले. म्हणाले, "बाई, तुमच्यासारखाच दिसणारा संच मी नव्वद रुपयांना विकतो. तुमचा दोनशे ऐंशीला घेऊन काय करू?" मला राग आला, पण त्यांचे चुकले असे मला म्हणता येईना. त्यांचाही संसार आहे.

घरी येऊन मी वहीत हिशेब मांडला. गळ्यातले आणि कानातले मिळून एका संचाला मणी, दोरा, फास, आकडे धरून एकशे साठ रुपये लागतात. दुकानदार देणार दोनशे ऐंशी. उरले एकशे वीस. काम नऊ तासांचे, म्हणजे तीन दुपारी. तासाला तेरा रुपये तेहतीस पैसे पडले! धुण्याभांड्याच्या कामालाही याहून अधिक मिळतात. डोळे दुखतात, मान अवघडते, ते वेगळेच. म्हणजे बाहेरचा माल स्वस्त आहे एवढेच दुखणे नव्हते. यंत्र जे काम चांगले करते, त्याच कामात आपण यंत्राशी शर्यत लावून बसलो होतो.

आणखी एक चूक कबूल करायची आहे. ती आपली, आणि अधिक करून माझी. दोन वर्षांपूर्वी यात्रेत आपण 'काचेचे मोती' म्हणून माळा विकल्या. मोती घाऊक आणले होते, देणाऱ्याने काचेचे सांगितले आणि मी मान डोलावली. महिन्याभराने एक बाई माळ घेऊन आल्या. वरचा चकाकता थर पापुद्र्यासारखा सुटला होता आणि आत पांढरे प्लॅस्टिक. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "यंत्राची घेतली असती तर वाईट वाटले नसते. बायकांनी हाताने केली म्हणून घेतली होती." आपण पैसे परत केले, पण ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आपल्याकडे आपल्या शब्दावाचून दुसरे भांडवल काय आहे? तेव्हापासून मी प्रत्येक मणी पारखून घेते. काच हाताला गार आणि जड लागते, प्लॅस्टिक हलके आणि लवकर ऊन होते. शिंपल्यातला मोती दातावर हलकेच घासला तर खरखरतो, खोटा गुळगुळीत सरकतो. ही पारख प्रत्येक भगिनीने शिकून घ्यावी. वर्ग राहो वा न राहो, खरेदीला उपयोगी पडेल.

परत आलेल्या त्या बावीस संचांनंतर मी गाठवणीची कामे घेऊ लागले. कोणाची तुटलेली बोरमाळ, कोणाचा सासूचा तन्मणी, कोणाची जोंधळी पोत. तन्मणी पुन्हा ओवायला दोन तास लागतात. दोरा, तार मिळून वीस रुपयांचा खर्च, आणि लोक दीडशे रुपये आनंदाने देतात. तासाला पासष्ट रुपये झाले, जवळजवळ पाचपट! आणि या कामाला परदेशातून स्पर्धा नाही, कारण सासूचा तन्मणी कोणी परदेशी पाठवत नाही. परवा एक मुलगी आली. आई वारली होती, आईच्या पोतीचे मणी एका डबीत होते. तिला त्यातून स्वतःसाठी आणि बहिणीसाठी एकेक साधी माळ हवी होती. मणी मोजून सारखे वाटले, एक उरला. तो कोणाला द्यायचा यावर दोघी बहिणी माझ्या ओट्यावर बसून किती वेळ बोलत होत्या! शेवटी तो धाकटीच्या माळेत घातला. असे काम करताना तासाचा हिशेब सुचत नाही, पण पैसे मी घेतले, आणि त्यांनी ते समजून दिले.

हाताचे काम आजही चालते, याचे एक उदाहरण आपल्या डोळ्यांपुढेच आहे. संक्रांतीचे हलव्याचे दागिने! काळ्या साडीवर नव्या सुनेला हलव्याचा हार, बोरन्हाणाला बाळाला मुकुट आणि बासरी. प्लॅस्टिकचे तयार दागिने मिळत असतानाही लोक हलव्याचे मागतात, ते आगाऊ सांगून आणि मागेल तो भाव देऊन. का? कारण ते एका दिवसाचे, एका माणसाचे, त्याच्या मापाचे असतात. आपल्या शेजारच्या तांड्यांवरच्या बंजारा भगिनींच्या मणी-कवड्यांच्या कामाचेही तसेच आहे. ते त्यांच्या चालीरीतींशी बांधलेले आहे. बाजारात त्याची नक्कल मिळते, पण सणाला नक्कल चालत नाही.

सरकारकडून काही मिळेल का, असे पुष्कळ भगिनी विचारतात. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा धंदे आहेत. त्यांत सोनार आहे, फुलमाळा करणारा माळाकार आहे, शिंपी आहे, पण मणी ओवणारा पटवेकरी वेगळा धरलेला नाही. मला याचे वाईट वाटते. गाठवण्याचे काम सोनाराचेही नव्हे आणि माळ्याचेही नव्हे. त्याची निराळी नोंद व्हावी, असा अर्ज मंडळाने जरूर करावा. बचत गटाचे कर्ज, महिला आर्थिक विकास महामंडळ, 'उमेद'ची प्रदर्शने हे मार्ग आहेतच. परंतु नुसत्या अर्जावर चूल पेटत नाही. आपले आपणही काही ठरवले पाहिजे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. दुकानात ढिगाने विकायचे संच करणे आपण थांबवावे. ते काम यंत्राला देऊन टाकावे, त्यात कमीपणा नाही. त्याऐवजी तीन कामे धरावीत. पहिले, जुने दागिने पुन्हा गाठवून देणे. त्यासाठी आठवड्यातून दोन दुपारी मंडळाच्या खोलीत बैठक ठेवावी, मणी गिऱ्हाइकासमोर मोजून वहीत लिहून सही घ्यावी. दुसरे, हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसे, लग्नाचे रुखवत यांसाठी सांगून करायचे काम, तेही निम्मे पैसे आधी घेऊन. भ्रमणध्वनीवर चित्र पाठवून पसंती घेता येते, आपल्या मुली ते सहज करतात. तिसरे, प्रत्येक माळेबरोबर एक चिठ्ठी द्यावी. मणी काचेचा की दगडाचा की प्लॅस्टिकचा, दोरा कसला, काम किती तासांचे, हे त्यावर खरे खरे लिहावे. भाव का एवढा, हे मग तोंडाने सांगावे लागणार नाही.

आणि शिकवायचे ते गाठ मारणे आधी शिकवावे, मग नक्षी. आपण आजवर उलट केले.

पार्लरच्या वर्गाला माझा विरोध नाही. मुलींना त्यात चार पैसे मिळतील, तर तोही अवश्य काढावा. सकाळी पार्लर, दुपारी मणीकाम, असे एका खोलीत का होऊ नये? नटायला आलेली मुलगी तुटलेली माळही घेऊन येईल. मात्र मणीकामाचा वर्ग बंद करण्यापूर्वी एक विचार करावा. येणाऱ्या सहा जणींपैकी एक भगिनी या कामातून मुलीच्या शाळेची फी भरते. तिला घराबाहेर कामाला जाता येत नाही, कारण अंथरुणाला खिळलेले सासरे घरी आहेत. तिच्यासाठी हा छंद नाही. वर्ग बंद झाला तर आपल्याला एक वेळापत्रक बदलावे लागेल, पण तिला शाळा बदलावी लागेल.

मला एक वर्षाची मुदत द्या. पुढच्या वर्धापनदिनाला वहीतला सगळा हिशेब मी सभेपुढे ठेवीन. तासाला चाळीस रुपयेसुद्धा पडले नाहीत, तर खोलीची किल्ली मी स्वतः चिटणीसबाईंच्या हाती देईन आणि मनात किंतु ठेवणार नाही.

आमच्या पटवेकरीण मावशी चार वर्षांपूर्वी वारल्या. त्यांची मुले दुसऱ्या कामधंद्याला लागली, त्यांचे चांगले चालले आहे. मेणाचा गोळा आणि आकडा त्या मला देऊन गेल्या. तो आकडा मंडळाच्या खोलीत खिडकीशी ठोकलेला आहे. सभेला याल तेव्हा पाहा, आणि कपाटात कोणाची वाढलेली पोत पडून असेल, तर येताना घेऊन या.